हवालदारांच्या वर्गात सांख्यिकी

पोलीस ठाण्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. जप्तीच्या मोटारसायकली ठाण्याच्या मागे जशा जमतात, तसे ते जमतात. एक येऊन लागते, तिच्या शेजारी दुसरी लागते, वर्षभरात दोघींच्या चाकांतून गवत निघतं आणि कोणती कोणत्या गुन्ह्यातली हे कोणालाच सांगता येत नाही. किश्शांचंही तेच होतं. घडतो एकावर, सांगतो दुसरा, आणि हसू तिसऱ्याचं होतं!

पण मी आता सांगतेय ते किस्से ताजे आहेत आणि प्रत्येक वेळी मी स्वतः हजर होते. पाहिजे तर जबाब लिहून घ्या.

मी पोलीस हवालदार. माहेर सोनाळ्याचं, नोकरी बुलडाणा जिल्ह्यातच. ठाण्याचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथंच आहे. काम क्राईम रायटरचं. म्हणजे गुन्ह्यांचे कागद लिहायचे, कॉम्प्युटरवर चढवायचे आणि वरून मागवलेली माहिती 'तात्काळ' पाठवायची. सगळे मला ताई म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा!

एक दिवस पत्र आलं. 'फौजदारी न्यायासाठी सांख्यिकी विश्लेषण' असं प्रशिक्षण, बुलडाण्याला, दोन महिने, दर शनिवारी. प्रत्येक ठाण्यातून तीन हुशार कर्मचारी पाठवावेत. आमच्या ठाणेदार साहेबांनी हुशार शब्दावर बोट ठेवून थोडा विचार केला आणि तिघं निवडले. मी, कारण मला कॉम्प्युटर येतो. रशीदभाई, कारण त्यांना रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं होतं आणि ते कुठंही बसले तरी चालण्यासारखं होतं. आणि सहायक फौजदार खरात काका, कारण पोरीच्या लग्नासाठी सुटीचे अर्ज देऊन देऊन त्यांनी साहेबांचं डोकं खाल्लं होतं.

"जा शनिवारी बुलडाण्याले," साहेब म्हणाले, "तेवढाच मले आराम."

*

पहिल्या शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही पोचलो. खरात काका अर्ध्या तासानं आले. डोक्यावर हेल्मेट, हातात लाठी, पाठीवर ढाल, खांद्याला पाण्याची बाटली आणि बगलेत घोंगडी!

समोर फळ्याजवळ उभ्या होत्या साने मॅडम. पुण्याहून आलेल्या, वय अठ्ठावीसच्या आसपास, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विद्यार्थी ढाल घेऊन वर्गात येताना पाहिला असावा. एक पाऊल मागे सरून त्या फळ्याला टेकल्या.

रशीदभाईंनी हळूच विचारलं, "काका, हे काय घालून आले?"

"पत्रात सांख्यिकी लिहिलं होतं ना बे," काका म्हणाले. "मले वाटलं, संख्या जास्त असन."

*

मॅडमनी पहिला धडा सरासरीचा घेतला. पुस्तकातली उदाहरणं द्यायची नाहीत, तुमचाच डेटा आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. मी नेलं फोनचं रजिस्टर. मदतीचा फोन किती वाजता आला आणि पोलीस किती वाजता पोचले, त्याचं.

मॅडमनी सगळं एक्सेलमध्ये टाकलं आणि सरासरी काढली. पंधरा मिनिटं. त्यांना बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "आता आपण आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत ते बघू." बटण दाबलं. उत्तर आलं शून्य.

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा दाबलं. पुन्हा शून्य.

"हे शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "एक गाव ठाण्याशेजारी आहे, एक गाव घाटाखाली आहे. प्रत्येक ठिकाणी तुम्ही बरोबर पंधराच मिनिटांत कसे पोचता?"

सगळा वर्ग माझ्याकडं पाहू लागला. आता मी काय सांगणार? रजिस्टर मी लिहिते खरी, पण माझ्या आधीचा रायटरही पंधराच लिहायचा आणि त्याच्या आधीचाही. ती ठाण्याची परंपरा आहे!

खरात काका मदतीला धावले. "मॅडम, पंधरा मिनिटांत आम्ही निघतो. पोचनं येगळं."

मॅडमनी मग मागच्या वर्षीची पानं चाळायला घेतली. तिथं त्यांना एक नोंद सापडली जी पंधराची नव्हती. पोलीस पोचल्याची वेळ फोन येण्याच्या आधीची होती. उत्तर आलं मायनस वीस मिनिटं. तो माझाच लिहिण्याचा घोळ होता. मी खाली मान घातली.

"ही चूक आहे," मॅडम म्हणाल्या. "ही नोंद काढून टाका."

काका उभेच राहिले. "काढता काऊन मॅडम? जिंदगीत एकदा पोलीस टायमाच्या आंधी पोचले, अन् तुमी त्याले मायनस देऊन राह्यल्या!"

*

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून जो प्रकार झाला, त्याचं दुःख रशीदभाईंना अजून आहे.

रशीदभाई मूळचे धाडचे. बुलडाण्याजवळचं मोठं गाव, आठवडी बाजार भरतो, एसटी आणि जीपा धावत असतात. गावाबद्दल कोणी वाकडं बोललेलं त्यांना चालत नाही. आणि आमच्या खात्यात छापा घातला की लिहितात 'धाड टाकली.' आता कागदावर ते कधी घोटाळत नाही. माणूस वाचतो, त्याला समजतं. पण कॉम्प्युटर काही जिल्ह्यातला नाही!

मॅडमनी सांगितलं, जुगाराचे गुन्हे गावानुसार मोजा. मी रकाना निवडला, गावांची नावं टाकली, मोजणी केली. गडबडीत मी 'कारवाई'चा रकानाही त्यात घेतला. झालं. जिल्ह्यात जिथं जिथं जुगारावर धाड पडली होती, ती सगळी धाडच्या नावावर जमा! तक्त्यात बाकीची गावं मुंगीएवढी आणि धाडचा खांब पडद्याच्या बाहेर.

नेमके त्या दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब वर्ग पाहायला आले. साहेब उत्तरेकडचे, मराठी शिकत होते. ते तक्त्यासमोर उभे राहिले आणि गंभीर झाले.

"धाडमध्ये एवढा जुगार? तिथले लोक शेती कधी करतात?"

रशीदभाई ताडकन उठले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांसमोर त्यांनी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला.

"साहेब, जुगार धाडीत सापडते! धाडमध्ये नाही!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "दोन्हींत फरक काय?"

तो फरक समजावायला मला अर्धा तास लागला. साहेबांना पटलं आणि त्यांनी विचारलं, अजून अशी गावं आहेत का? मी प्रामाणिकपणे सांगितलं, लोणार तालुक्यात बीबी आहे. मग त्यांनी त्या आठवड्याचा अहवाल मागवला, जो कॉम्प्युटरनंच हिंदीत करून त्यांच्याकडं गेला होता. मूळ वाक्य मी साधं लिहिलं होतं. आरोपी बीबीहून पळाला आणि धाडला नातेवाइकांकडे लपून बसला.

साहेबांनी हिंदीतलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. आरोपी बायकोपासून पळाला आणि छाप्यात नातेवाइकांकडे लपला.

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग साहेब म्हणाले, "यात गुन्हा कोणता आहे?"

*

खरात काकांना पहिले काही आठवडे त्या वर्गात काही रस नव्हता. ते मागच्या बाकावर बसून सुटीचा नवा अर्ज लिहायचे. पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि अर्ज दर वेळी 'बंदोबस्तामुळे नामंजूर' होऊन परत यायचा.

मग मॅडमनी शिकवलं, दोन गोष्टी सोबत वर-खाली होतात का ते कसं पाहायचं. घरचा अभ्यास दिला. आपापल्या बीटमधल्या, म्हणजे नेमून दिलेल्या गावांमधल्या, दोन गोष्टी घ्या आणि त्यांचा आलेख काढा.

काकांनी कधी नव्हे तो अभ्यास केला. आकडे त्यांच्याकडं दोनच गोष्टींचे होते. एक त्यांच्या बीटमधले गुन्हे, दुसरी त्यांना मिळालेल्या सुट्या. आलेख पाहून सगळ्यांचे डोळे विस्फारले. काका ड्युटीवर असले की गुन्हे वर. काका आजारी रजेवर गेले की गुन्हे थेट खाली, जमिनीला टेकलेले!

काका घाबरले. "मॅडम, म्हंजे गुन्हेगार मीच निंगलो का?"

"नाही हो काका," मॅडम हसून म्हणाल्या. "बीटमधले गुन्हे नोंदवता तुम्ही. तुम्ही नसलात की ते घडतात, पण लिहीत कोणी नाही. दोन गोष्टी सोबत हलल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. हे आजच्या धड्याचं सार आहे. लक्षात ठेवा."

काकांनी मान डोलावली. वहीत लिहूनही घेतलं. आम्हाला वाटलं, समजलं.

सोमवारी ठाणेदार साहेबांच्या टेबलावर काकांचा नवा अर्ज होता. विषय, रजा मिळणेबाबत. कारण, 'बीटमधील गुन्हेगारी तात्काळ कमी करणेकामी.' सोबत आलेख जोडला होता!

साहेबांनी तो तीनदा वाचला आणि सही केली. पोरीचं लग्न थाटात झालं. मॅडमही आल्या होत्या. पंगतीत काका त्यांना आग्रह करकरून वाढत होते आणि सांगत होते, "सार चांगलं समजलं मॅडम मले. पन साहेबाले कुठी समजलं!"

*

मधेच दोन शनिवार आम्हाला वर्गाबाहेर काढण्यात आलं. जनतेचा पोलिसांवर विश्वास किती, याची पाहणी करायची होती. धाडचा आठवडी बाजार ठरला. रशीदभाई म्हणाले, गाव आपलं आहे, लोक भरभरून बोलतील.

पहिल्यांदा आम्ही वर्दीत गेलो. प्रश्न एकच. पोलिसांवर विश्वास आहे का? खूप, थोडा, की अजिबात नाही? सगळ्यांनी सांगितलं, खूप! एकानं तर प्रश्न पुरा व्हायच्या आधी सांगितलं. एक कापडवाला विश्वास सांगता सांगता दुकानाचं लायसनच दाखवू लागला.

मॅडमनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "असं नाही चालत. वर्दी बघून लोक खरं बोलत नाहीत. साध्या कपड्यांत जा. कॉलेजकडून आलोय म्हणा."

पुढच्या बाजाराला आम्ही साध्या कपड्यांत गेलो. काकांनी झब्बा घातला होता. पण मिशा तशाच होत्या, केस तसेच बारीक होते आणि पायांत तेच वर्दीचे लालसर बूट, चकाचक पॉलिश केलेले.

एक म्हातारी मिरच्यांची पाटी घेऊन बसली होती. काकांनी तिच्यासमोर उकिडवं बसून मवाळ आवाजात विचारलं, "मावशी, पोलिसावर तुहा भरवसा हाय का?"

म्हातारीनं त्यांना खालून वर पाहिलं. आधी बूट, मग मिशा. "तू पोलीस हाय का बाबू?"

"नाही व मावशी. मी कॉलेजातून आलो."

"कॉलेजात काय करतं?"

"शिकून राह्यलो." हे तर खरंच होतं!

म्हातारीनं दोन मिरच्या उचलून पाटीत नीट लावल्या. "मंग लिहून घे. अजिबात नाही."

काकांना वाईट वाटलं. "काऊन व मावशी? थोडाबी नाही?"

"थोडा होता," म्हातारी म्हणाली. "पन एक पोलीस माह्याशी आत्ताच खोटं बोलला."

*

आता हा प्रसंग हसण्याचा म्हणून सुरू झाला होता, पण तसा राहिला नाही.

मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'समजा, आरोपी निर्दोष आहे.'

खरात काकांनी हात वर केला. "मॅडम, मंग आमी त्याले आनला कायले?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी समजावलं. सांख्यिकीत कोणतीही गोष्ट तपासायची तर सुरुवात अशीच करतात. काही घडलंच नाही असं धरायचं, मग पुरावा पाहायचा, आणि पुरावा एवढा भक्कम असेल की ते धरणं टिकतच नाही, तरच ते सोडायचं. "कोर्टातही हेच असतं ना?"

"कोर्टात असते," काका म्हणाले. "ठान्यापर्यंत पोचाले त्याले टाइम लागते."

पुन्हा हसणं. मॅडम पुढं गेल्या. यात दोन प्रकारच्या चुका होतात. पहिल्या प्रकारची, म्हणजे निर्दोष माणसाला दोषी ठरवणं. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे दोषी सुटणं. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, म्हणून कोणती चूक जास्त महाग पडते ते आधी ठरवावं लागतं.

रशीदभाई हसत नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू?"

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. एका शेतकऱ्याची बैलजोडी चोरीला गेली. रशीदभाईंना पहिल्याच दिवशी खात्री पटली की चोर त्याचा सालदार गडी आहे, कारण तो बोलताना खाली पाहत होता. बाकी काही नाही, खाली पाहत होता एवढंच. त्यांनी साहेबांना खात्रीनं सांगितलं, पंच उभे केले, कागद पक्के केले. कापूस वेचायला लागले तेव्हा तो माणूस आत गेला. सुटला तेव्हा उन्हाळा लागला होता. बैल सापडले होते, मालकाच्या साळ्याकडं.

"सुटल्यावर तो मले बसस्टँडवर भेटला," रशीदभाई म्हणाले. "त्यानं सलाम केला. तवाही खालीच पाहून राह्यला होता. त्याची नजरच तशी होती मॅडम, जलमापासून. मी कधी विचारलंच नाही."

रशीदभाईंनी फळ्याकडं बोट केलं.

"त्याले पयल्या प्रकारची चूक म्हन्तेत, हे आज समजलं," रशीदभाई म्हणाले. "मी तं तिले ड्युटी म्हनत होतो."

मॅडमनी खडू खाली ठेवला आणि वर्ग लवकर सोडला. बाहेर खरात काकांनी सगळ्यांना चहा पाजला. स्वतःहून! हे आमच्या ठाण्यात त्याआधी कोणी पाहिलेलं नव्हतं.

*

दोन महिन्यांत मॅडमही बदलल्या होत्या बरं का. सुरुवातीला 'काऊन' म्हटलं की त्या म्हणायच्या, "कोण?" नंतर स्वतःच विचारू लागल्या, "काऊन उशीर झाला?" बाकी सगळ्यांपासून लांब पडलेल्या आकड्याला मराठीत काय म्हणावं, असं त्यांनी वर्गाला विचारलं, तर रशीदभाई म्हणाले, "उंडगा. घर सोडून भटकते तो." मॅडमना शब्द इतका आवडला की पुढच्या धड्यात पडद्यावर छापून आलं, 'सरासरी काढण्यापूर्वी उंडगे तपासावेत.'

शेवटी परीक्षा झाली. मॅडमनी पेपर तपासले आणि दोन पेपर समोर घेऊन वर्गात आल्या. रशीदभाईंचा आणि खरात काकांचा. दोघांचं पाचवं उत्तर चुकलेलं, आणि चूक तंतोतंत तीच! दशांश चिन्हानंतरचे तीन आकडेसुद्धा तेच.

मॅडम कडक झाल्या. "काका, दोन माणसांनी वेगवेगळं बसून नेमकी हीच चूक करायची शक्यता किती, सांगा बघू."

त्यांना वाटलं काका गप्प बसतील. काकांनी खडू घेतला. पहिल्या आकड्यासाठी दहात एक, दुसऱ्यासाठी दहात एक, तिसऱ्यासाठी दहात एक, मग तिन्हींचा गुणाकार. फळ्यावर पायरी-पायरीनं मांडलं. एकही चूक नाही. आम्ही पाहतच राहिलो. मागच्या बाकावर अर्ज लिहिणारा हाच का तो माणूस!

"हजारात एक," काका म्हणाले. "म्हंजे नक्कल झाली, हे सिद्ध होते."

"बरोबर!" मॅडमचा राग पळाला. "अगदी बरोबर. मग आता बोला."

"बोलतो. नक्कल झाली हे सिद्ध झालं. कोनी कोनाची केली हे नाही झालं." काकांनी हात झटकले, खडूची धूळ उडवली आणि वर्गाकडं वळून विचारलं, "पंच कोन हायेत?"

सगळा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागला. मॅडमनी दोघांनाही पास केलं. शेरा लिहिला, 'संशयाचा फायदा.'

*

आता शेवटचा किस्सा. हा माझा स्वतःचा आहे.

शिकलेलं वापरून प्रत्येकानं आपल्या ठाण्याच्या डेटावर एक छोटा प्रकल्प करायचा होता. मी घेतली आमची एक यादी. चोरी झाली की चौकशीला कोणाकोणाला बोलावलं जातं, त्यांची. कोण किती वेळा आलं ते मी मोजलं आणि उतरत्या क्रमानं लावलं. ठाण्यातली यादीही त्याच क्रमानं चालते.

सर्वात वर नाव आलं किसनचं. हे त्याचं खरं नाव नाही. गावाबाहेर पारधी वस्ती आहे, तिथला. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून लोकांची शेतं राखायचं काम करतो. चोरी कुठंही होवो, आमच्या ठाण्यातून त्याला फोन जायचा, फोन लागला नाही तर जीप जायची. तो यायचा. लिंबाखालच्या बाकावर सकाळपासून बसायचा. संध्याकाळी त्याचा जबाब व्हायचा आणि तो घरी जायचा. मी त्याचा जबाब इतक्या वेळा लिहिलाय की कॉम्प्युटरवर त्याच्या नावाची फाईलच करून ठेवली होती. दर वेळी फक्त तारीख बदलायची.

मॅडमनी तक्ता पाहिला. "यातल्या किती गुन्ह्यांत तो दोषी ठरला?"

मी दोषी ठरल्याचा रकाना उघडला. वरपासून खालपर्यंत कोरा होता. "एकाही नाही."

"एकदा तरी अटक?"

"नाही."

"मग दर वेळी त्यालाच का बोलावता?"

"कारण यादीत त्याचं नाव सर्वात वर आहे."

"ते सर्वात वर का आहे?"

"कारण आम्ही त्याला दर वेळी बोलाव..."

वाक्य मी पुरं केलंच नाही. तोंडातून बाहेर पडतानाच मला ते ऐकू आलं होतं.

मोठ्या साहेबांसमोर मी हा तक्ता मांडला. यात पहिला हात माझाच होता, आणि तेही मी सांगितलं. साहेबांनी त्या कोऱ्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी आदेश काढला. ठोस कारण असल्याशिवाय कोणालाही चौकशीला बोलवायचं नाही, आणि ही यादी बंद करायची. मी ठाण्यात आले आणि पहिलं काम ते केलं. किसनचं नाव काढलं, त्याच्या जबाबाची फाईलही पुसून टाकली. खरं सांगते, वर्दी चढवल्यापासून एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. सर्टिफिकेटपेक्षा मला त्याचं जास्त अप्रूप होतं.

महिनाभरानं शेजारच्या गावात एका विहिरीवरचा मोटारपंप चोरीला गेला. आम्ही जागा पाहिली, चाकांच्या खुणा पाहिल्या, भंगारवाल्यांकडं विचारपूस सुरू केली. किसनला कोणी फोन केला नाही. जीपही गेली नाही. रशीदभाई मला म्हणाले, "ताई, आपन सुधारलो बरं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात शिरले तर लिंबाखालच्या बाकावर किसन. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आलेला. शेजारी बायको. बाकावर एक गाठोडं, त्यात चादर आणि कपडे दिसत होते, वर फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"किसन, काऊन आला रे? कोणी बलावलं तुले?"

"कोनीच नाही बलावलं ताई," तो उठून उभा राहिला. "म्हनून तं आलो. काल दिवसभर रस्त्याकडं पाहून राह्यलो होतो. फोन नाही, गाडी नाही. बायको म्हने, या बारीले काहीतरी मोठं दिसते. आपल्या पायानं गेलेलं बरं."

आतून खरात काका आणि रशीदभाई बाहेर आले. मी त्याला बाकावर बसवलं आणि सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. वर्ग, तक्ता, तो कोरा रकाना, साहेबांचा आदेश. "भिऊ नको. आता तुला कोणी बोलावणार नाही. तुझं नाव आम्ही यादीतून काढलं."

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग रशीदभाईंकडं, मग काकांकडं. कोणीतरी हसेल म्हणून वाट पाहत असावा. कोणी हसलं नाही. त्यानं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं आणि हात जोडले.

"काढलं ते ठीक हाय ताई. पन आता कोनत्या यादीत टाकलं, तेवढं सांगा."